लपवलेलं पाप पदरी घ्यायचं कसं

आमच्या बचत गटाचं रजिस्टर लाल कापडी पुठ्ठ्याचं होतं आणि ते माझ्या शिवणयंत्राच्या खणात असायचं. आम्ही बारा बायका, दर महिन्याच्या १० तारखेला प्रत्येकीचे २०० रुपये, कर्जाचे हप्ते वेगळे. सचिव मी. २०१४ च्या जूनमध्ये मुलीच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडले म्हणून मी त्यातून ३,००० रुपये उचलले. पुढच्या महिन्यात परत ठेवायचं ठरवलं होतं, ठेवले नाहीत. फेब्रुवारीपर्यंत सात वेळा उचलले आणि आकडा २२,००० वर गेला. हप्ता भरणाऱ्या बाईच्या पासबुकात मी जमा लिहायची आणि रजिस्टरात ती ओळ कोरी सोडायची.

बराच काळ कुणाला काही कळलं नाही. मी नगरला आमच्या चर्चच्या मंडळीत क्वायरमध्ये गात होते, संडे स्कूलला शिकवत होते. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या दिवशी, माझा गुडघा दुखायचा. स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी, हे पौलाचं वाक्य पाळकसाहेब मेजापाशी उभं राहून वाचायचे आणि मला ते ऐकवत नव्हतं.

ज्यांच्या घरात असं एखादं रजिस्टर आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. तुमचं पैशांचंच असेल असं नाही. मोबाइलमधलं काही असेल, बाटली असेल, कुणाशी असलेला संबंध असेल, भावाचा हडपलेला जमिनीचा तुकडा असेल. मी पाळक नाही, बायबलचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. ज्या क्रमाने मला सुटका मिळाली तो क्रम तेवढा सांगू शकते.

आमच्या मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, पापे ‘पदरी घेतली’ तर देव क्षमा करील असे शब्द आहेत. हे वचन मला सातव्या वर्षापासून पाठ होतं, अर्थ पन्नाशी उलटल्यावर कळला. पदराने तोंड झाकता येतं, आणि पदर पसरून त्यात काही घेताही येतं. एका वेळी दोन्ही जमत नाही.

आधी दोन पानं करा

वही घ्या. एका पानावर लिहा, ‘मी केलं.’ दुसऱ्यावर लिहा, ‘माझ्यावर लादलं गेलं.’ ज्या ज्या गोष्टीने मान खाली जाते ती त्या त्या पानावर उतरवा. घाई करू नका, मला चार संध्याकाळी लागल्या.

हे आधी सांगते कारण आपल्याकडे दोन्हींना ‘लाज’ हा एकच शब्द आहे आणि त्यात फार घोळ होतो. माणसं दुसऱ्या पानावरच्या गोष्टींसाठी देवाजवळ रडरड रडतात आणि पहिल्या पानाला हात लावत नाहीत. माझं तेच चाललं होतं. माझ्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढू दिली जात नव्हती. ते येशूकडे आले, पण ती पायरी आमच्या घरात आलीच. शाळेत आडनाव सांगताना माझा आवाज बारीक व्हायचा. लग्नानंतर खुद्द ख्रिस्ती माणसांनी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं, आणि त्यांना गावाचं नाव नको होतं. हे सगळं मी पाप असल्यासारखं प्रार्थनेत मांडत होते. ते पाप होतं, पण माझं नव्हतं.

जन्मापासून आंधळ्या माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. योहानाचा नववा अध्याय. मार्काच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाची बाई बारा वर्षं लोकांपासून अंग चोरून राहिलेली. ती गर्दीत मागून येऊन नुसतं वस्त्र शिवते. येशू थांबतो आणि तिला सगळ्यांसमोर बोलायला लावतो. मला हे आधी कठोर वाटायचं. पण तो तिच्याकडून पापाची कबुली घेत नाही, तो तिला ‘मुली’ अशी हाक मारतो. त्या गर्दीने ती हाक ऐकायला हवी होती.

म्हणून दुसऱ्या पानासाठी पश्चात्ताप करायचा नाही. त्यासाठी ती हाक पुन्हा पुन्हा ऐकायची असते, आणि जिथे मांडीला मांडी लावून जेवता येतं अशी पंगत शोधायची असते. लहानपणी कुणी अंगाला हात लावला असेल, नवरा मारत असेल, तर ते तुमच्या पापाच्या पानावर लिहू नका. ‘क्षमा कर आणि घरी जा’ असं कुणी सांगितलं, मग ते मंडळीतलं कितीही मोठं माणूस असो, तरी जाऊ नका. क्षमा मनात उगवायला वेळ लागतो, आणि मारणाऱ्याच्या छपराखाली परत जाणं हा तिचा भाग नाही. एखाद्या लहान लेकराला धोका असेल तर आधी १०९८ ला फोन लावा. प्रार्थना फोन ठेवल्यावर करा.

पुणे-दौंड रेल्वेवर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मी दोनदा जाऊन आले आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये होत्या, तेव्हा वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलमला नेलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. यांच्यासाठी तुम्ही इतकं का करता, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडेच पाणी मागतो. पुढे मुक्तीत रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. मला त्या नावाचं फार वाटतं. दारावर ‘सुधारगृह’ लिहिलं असतं तर आत जाणाऱ्या बाईला रोज आपली जुनी ओळख वाचावी लागली असती.

आकडा सांगा

आता पहिलं पान. ते देवाजवळ वाचायचं, हे तर आहेच. ५१ वं स्तोत्र त्यासाठी दाविदाने आपल्याला देऊन ठेवलं आहे, आणि ३२ वं त्याहून जवळचं आहे. गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं तो त्यात म्हणतो. पण मी दीड वर्ष देवाजवळ रोज रात्री सांगत होते आणि सुटत नव्हते. कारण देवाला सांगताना मी मोघम बोलायची. ‘प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर.’ अशा प्रार्थनेत रजिस्टर उघडावंच लागत नाही.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, असं आहे. आम्ही प्रॉटेस्टंट हे वचन पटकन वाचून पुढे जातो. वसईकडच्या कॅथलिक बहिणींकडे प्रायश्चित्त संस्कार आहे, गोव्यात त्याला कुमसार म्हणतात, आणि तिथे ऐकलेलं धर्मगुरूला कुठेही उघड करता येत नाही. ज्यांच्याकडे ही वाट आहे त्यांनी ती मोडकळीला येऊ देऊ नये. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एक माणूस शोधावं.

कसं माणूस? बाईने बाई शोधावी, पुरुषाने पुरुष. नात्यातलं नको. दुसऱ्यांची गुपितं जे तुम्हाला सांगतं ते तर नकोच, तुमचंही तसंच जाईल. ज्यानं पूर्वी कधीतरी तुम्हाला न आवडणारं काही तोंडावर सांगितलं आहे, असं माणूस चांगलं. आणि जे ऐकण्याआधीच ‘जाऊ दे गं, देव प्रेमळ आहे’ म्हणतं ते टाळा. माझ्यासाठी ती दुसऱ्या मंडळीतली एक म्हातारी, निवृत्त बायबलबाई, म्हणजे घरोघर बायबल सांगत फिरणारी बाई, होती. २०१६ चा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. मी दुपारी तिच्याकडे गेले. तिने आधी पिठलं-भाकरी वाढली, मी जेवेपर्यंत एक शब्द विचारला नाही. मग मी म्हणाले, ‘बाई, माझ्या हातून गटाच्या पैशात चूक झाली.’

ती म्हणाली, ‘किती?’

मी परिस्थिती सांगायला लागले. मुलीची फी, मिस्टरांची सुटलेली नोकरी. तिने हात वर केला. ‘ते मी नंतर ऐकेन. आकडा सांग.’

बावीस हजार, हे शब्द माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडले. तोवर मी तो आकडा स्वतःलाही मोठ्याने सांगितला नव्हता. तुम्हीही असंच करा. किती, कधी, कितीदा, कुणाचं. ‘चूक झाली’ म्हणू नका, ‘मी चोरले’ म्हणा. ‘माझ्या हातून’ हेही गाळा.

त्या म्हाताऱ्या बाईने लगेच क्षमेचं वचन वाचलं नाही. तिने मला योहानाचा एकविसावा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. येशूला पकडलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, त्याला तीन वेळा नाकारलं तेव्हा पेत्र वाड्याच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराच्या काठावर पहाटे येशूने पेटवलेला विस्तवही कोळशांचाच आहे. अख्ख्या नव्या करारात कोळशांचा विस्तव एवढ्या दोनच ठिकाणी येतो, हे तिने मला दाखवलं. पेत्राच्या नाकाला तोच वास आला असेल. येशूने तो वास टाळला नाही, पण आधी मासळी भाजली, भाकर दिली, ‘या, न्याहारी करा’ म्हणाला. सगळ्यांचं खाणं झाल्यावर मग, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तीनदा. जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, असं योहान लिहितो. ते दुःख व्हायलाच हवं होतं. एकदाच विचारून सोडलं असतं तर दोन नकार पेत्राच्या पोटात राहिले असते.

मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि येशूच्या नावाने तुला क्षमा आहे असं सांगितलं. त्या क्षणी मला फार काही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. रडू नाही, हलकेपणा नाही. बसने घरी आले आणि रात्री झोप लागली, इतकंच. तुम्हाला त्या वेळी काही वाटलं नाही तरी क्षमा खरीच असते.

ज्याचं घेतलं त्याच्यापुढे

मिस्टरांना त्याच आठवड्यात सांगितलं. ते त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘१० तारखेला मी तुझ्याबरोबर येतो.’ ते बैठकीच्या दारात बसून राहिले.

बैठकीला जाण्याआधी मी दोन राजांची वाक्यं शेजारी शेजारी लिहिली होती. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात शौल म्हणतो, मी पाप केलं आहे, तरी वडीलजनांसमोर माझा मान राख. दुसऱ्या पुस्तकात बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाला, श्रीमंताने हिसकावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि ‘तो मनुष्य तूच’ म्हणतो. दावीद तेव्हा एवढंच म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. पुढे ‘तरी’ नाही. तुमच्या कबुलीत ‘पण’, ‘तरी’, ‘परिस्थिती’ यांतला एकही शब्द आला तर कागद फाडून पुन्हा लिहा. मी तीनदा लिहिला. शेवटी चार ओळी उरल्या: मी गटाचे २२,००० रुपये चोरले. या तारखांना. रजिस्टर हे आहे, आजपासून ते माझ्याकडे नसावं. तुम्ही पोलिसात जायचं म्हणालात तर मी येईन.

ते शेवटचं वाक्य मनापासून म्हणता आलं पाहिजे. पाळकाजवळची कबुली कायद्याची जागा घेत नाही. तुमच्या हातून कुणाला इजा झाली असेल, गुन्हा घडला असेल, तर वकिलाला विचारा आणि जे भोगायचं ते भोगायला तयार राहा.

एकच सावधगिरी. तुमच्या कबुलीने तिसऱ्याच कुणाचं आयुष्य उघडं पडणार असेल, तर आधी त्या ऐकणाऱ्या माणसाशी बोलून घ्या. स्वतःला मोकळं करायला दुसऱ्याची अब्रू खर्ची घालू नये.

भरपाई

आमच्याकडे हा भाग फार लवकर उरकला जातो. येशूने वधस्तंभावर सगळं फेडलं, मग मी काय फेडायचं, असं म्हणतात. देवाचं देणं त्याने फेडलं, हे मी जिवाभावाने मानते. शेजारणीचे पैसे तिच्याकडेच परत जायला हवेत.

लेवीयच्या सहाव्या अध्यायात हिशोब स्पष्ट आहे: मुद्दल, आणि वर पाचवा हिस्सा. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने चौपट दिलं, ती त्याच्या आनंदाची गोष्ट होती. मला पाचवा हिस्साच झेपणार होता. २२,००० आणि ४,४०० मिळून २६,४०० रुपये.

पण तेवढ्याने हिशोब संपत नव्हता. गटातल्या एका मावशीने २०१५ च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी १०,००० रुपये कर्ज मागितलं होतं. त्यांची भाजीची हातगाडी आहे. ‘गटात शिल्लक नाही,’ मी सांगितलं. शिल्लक नव्हती कारण ती मी खाल्ली होती. त्यांनी बाहेरून महिना शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले आणि आठ महिने व्याज भरलं. ४,००० रुपये. नाथानाच्या गोष्टीतली मेंढी मला तिथे दिसली. तुमच्या पापाचा हिशोब करताना तुमच्या खिशात किती आलं एवढंच मोजू नका, दुसऱ्याच्या खिशातून किती गेलं ते विचारा. एकूण ३०,४०० रुपये झाले. आईची बोरमाळ मोडली, तिचे १८,४०० आले. उरलेले १२,००० महिना हजाराने वर्षभर भरले.

पैशांखेरीजच्या पापाची भरपाई कशी करायची, याला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. ज्याचं नाव खराब केलं त्याच्याविषयी जिथे खोटं बोललात तिथे जाऊन खरं सांगा, एवढं नक्की सांगू शकते. मेलेल्या माणसाचं देणं असेल तर त्याच्या लेकरांकडे जा.

त्या वर्षी ईस्टरला मी प्रभुभोजन घेतलं, तेव्हा हप्ते सुरूच होते. बायबलबाई म्हणाली होती, फिटेपर्यंत थांबू नकोस, हे मेज फेडून झालेल्यांचं नाही.

रात्रीचा आवाज, आणि रिकामं घर

कबुलीनंतरही रात्री आवाज येतो. माझा यायचा: चोर, चोर, तू अशीच. तो कुणाचा हे ओळखायची खूण अशी की पवित्र आत्मा बोट ठेवतो तेव्हा तारीख असते, रक्कम असते, आणि पुढे काय करायचं तेही असतं. आरोप ठेवणाऱ्याच्या, म्हणजे सैतानाच्या, आवाजात नुसतं ‘तू अशीच’ असतं, त्याला कुठलीही पावती दाखवून समाधान होत नाही. त्याच्याशी वाद घालू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचं पहिलं वचन, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे मोठ्याने म्हणा आणि दिवा लावून उठा, पाणी प्या. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर मात्र डॉक्टरांकडे जा, १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी नव्हे. आणि भूत काढतो म्हणून मारहाण करणाऱ्याकडे, चटके देणाऱ्याकडे, पैसे घेऊन तेल लावणाऱ्याकडे कुणाला नेऊ नका, तो स्वतःला येशूचा सेवक म्हणवत असला तरी. मारहाण करून भूत उतरवणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. बायबलातला गदरेकरांच्या मुलखातला तो भूतबाधेने थडग्यांत राहणारा माणूस बरा झाला तेव्हा नेसलेला, शुद्धीवर आलेला, येशूच्या पायाशी बसलेला होता. त्याला साखळदंड माणसांनी घातले होते, येशूने एकही घातला नाही.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू एका घराविषयी सांगतो. अशुद्ध आत्मा निघून गेलेला, घर झाडून सजवलेलं, पण वस्ती कुणाची नाही. तो आत्मा आणखी सात घेऊन परततो. म्हणून गेलेल्याच्या जागी काही आणा. मी दर बुधवारी दुपारी सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात जाते. ज्यांच्याजवळ कुणी नसतं त्यांचे केस विंचरते, चहा आणून देते, कुणी म्हटलं तर स्तोत्र वाचते. रात्री प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणते. त्यात ‘आमची ऋणे आम्हास सोड’ आधी येतं आणि ‘वाइटापासून सोडव’ त्याच्यामागून. देणं कबूल केल्याशिवाय मी दुसरं मागायला जात नाही. आणि गेली काही वर्षं कुठल्याही संस्थेचे रोख पैसे मी एकटीने हातात धरत नाही, मोजायलासुद्धा नाही. मंडळीत अर्पण मोजायला बोलावतात तेव्हा मी कारण सांगून नकार देते. खरं कारण सांगते.

गटातल्या अकरा जणींपैकी दहा आता बोलतात. मावशी बोलत नाहीत. त्या दर गुरुवारी दत्ताला जातात, माझ्या पाळकाचं किंवा बायबलचं त्यांना काही देणं लागत नाही, आणि क्षमा त्यांच्याकडून मागून घेण्याचा मला हक्क नाही. व्याजाचे ४,००० मी त्यांच्या हातावर ठेवले तेव्हा त्यांनी ते दोनदा मोजले, नीट घडी करून कमरेला खोवले आणि आत गेल्या. १० तारखेला बैठक असते. मी २०० रुपये भरते, पासबुक आणि रजिस्टर दोन्हींवर नोंद झाली का ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगते, आणि निघताना म्हणते, ‘मावशी, येते.’ आठवड्याची भाजी त्यांच्याच गाडीवरून घेते. त्या तराजू नीट धरतात आणि सुट्टे पैसे माझ्या हातात न देता मेथीच्या जुडीवर ठेवतात. मी ते उचलते.